न मावळणाऱ्या सूर्याचं गणित

हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री मुळशी धरणाच्या काठावर उभं राहून उत्तरेकडे हात ताठ धरा. क्षितिजापासून एकावर एक अशा दोन मुठी मोजल्या, की साधारण तिथेच ध्रुवतारा दिसेल. त्याची उंची सुमारे १८.५ अंश, आणि मुळशीचे अक्षांशही तेवढेच. ध्रुवापासून १८.५ अंशांच्या आतले तारे इथे कधीच मावळत नाहीत. (डोंगराआड जातात, ती गोष्ट वेगळी.)

मध्यरात्रीच्या सूर्याचं कोडं इथेच सुटतं. उत्तरेला जावं तसा ध्रुव वर चढतो आणि न मावळणाऱ्या ताऱ्यांचं वर्तुळ मोठं होत जातं. पृथ्वीचा आस कललेला असल्याने २१ जूनच्या सुमारास सूर्य उत्तर ध्रुवबिंदूपासून ६६.५ अंशांवर येतो. ज्या गावाचे अक्षांश याहून जास्त, तिथे सूर्यच त्या वर्तुळात सापडतो. मग मावळणार कसा? वातावरण किरणांना वाकवतं, म्हणून आर्क्टिक वृत्ताच्या थोडं अलीकडेही तो रात्रभर दिसतो.

हे कळायला ध्रुवप्रदेश गाठावा लागला नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात लिहून ठेवलं, की ६६ अंशांपलीकडे सूर्याची उत्तर क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंशांतलं अंतर) लंबांशांहून (९० वजा अक्षांश) अधिक असेतोवर दिवस संपत नाही. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला, हे तिथला शिलालेख सांगतो. पुढे १९०३ मध्ये लोकमान्य टिळकांनी वेदांतली लांबलेली उषा ध्रुवप्रदेशातली ठरवली. तो निष्कर्ष पुरातत्त्वज्ञांनी मानला नाही. त्यामागचं आकाशाचं गणित मात्र पक्कं होतं.

आज हा सूर्य आपले शास्त्रज्ञ स्वतः पाहतात. गोव्यात वास्कोला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं 'हिमाद्री' हे ठाणं २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे, जवळजवळ ७९ अक्षांशांवर. तिथे एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही. २१ जूनच्या मध्यरात्री तो क्षितिजावर १२ अंश असतो. मुळशीच्या मध्यरात्री ४८ अंश खाली.

चोवीस तास सूर्य असूनही तिथे थंडी का, असं कुणी विचारेल. बर्फ बरंचसं ऊन परत फेकतं हे एक कारण. दुसरं, सूर्य तिथे वर चढतच नाही. २१ जूनच्या ऐन दुपारीही 'हिमाद्री'वर त्याची उंची जेमतेम ३४.५ अंश. मुळशीत वर्षातला सर्वांत खालचा दुपारचा सूर्य, २२ डिसेंबरचा, तोही ४८ अंशांवर असतो.