आधी बॅरल, मग काच

कोल्हापुरात डिस्कस मासे पाळायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बदललेला नाही. पिल्लं दोन-अडीच इंची आहेत, टाकी केवढी घेऊ? उत्तरं मात्र बदलत गेली. आधी दोन फुटी पुरे म्हणत. मग चार फुटीशिवाय नाव काढू नका म्हणू लागले. पुढे पुन्हा लहान टाकीची टूम आली. सांगणारा दर वेळी छातीठोकपणे सांगायचा. मागे वळून पाहिलं की वाटतं, त्यातला कुणी फारसा माशाकडे बघून बोलत नव्हता. त्या त्या वेळी गावात वीज किती तास असायची आणि नळाला पाणी किती वेळ यायचं, त्यावरच ही उत्तरं ठरत होती.

मासा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. निसर्ग-अभ्यासक नाटेररने ब्राझीलमधून पाठवलेल्या नमुन्यांवरून व्हिएन्नाच्या योहान हेकेलने १८४० साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. काचेच्या टाकीत त्याची वीण करून रंग खुलवणारे लोक पुढच्या शतकातले: जर्मनीत डॉक्टर श्मिट-फोके, अमेरिकेत जॅक वॅटली. नव्वदच्या दशकात थायलंडहून ‘पिजन ब्लड’ जातीचे लालसर डिस्कस बाजारात आले. पेनांग, सिंगापूर, बँकॉक इथल्या फार्मांनी उत्पादन एवढं वाढवलं की चेन्नईचं कोळत्तूर, मुंबईचं कुर्ला अशा बाजारांतून आपल्याकडच्या दुकानांपर्यंत पिल्लं पोचू लागली. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, त्यावर थर्माकोलचं खोकं आणि रात्रीचा प्रवास. सकाळी दुकानात खोकं उघडलं की काळवंडलेली, कोपऱ्यात दाटी करून बसलेली पिल्लं दिसायची.

हे पिल्लू दुकानात येतं तेव्हा साधारण दोन महिन्यांचं असतं, आणि टाकीच्या वादात नेमकं हेच कुणी लक्षात घेत नाही. जन्मल्यावर पहिले काही आठवडे ते आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतं. हिल्डेमन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५९ साली या संगोपनावर लेख लिहिला. पुढे २०१० च्या एका अभ्यासात दिसलं की आईबाप पिल्लांना सुरुवातीला भरपूर पाजतात आणि नंतर हळूहळू अंगाला लागू देत नाहीत, थेट सस्तन प्राण्यांसारखं. म्हणजे आपण घरी आणतो ते नुकतंच तुटलेलं लेकरू, आणि त्याच्या वाढीचा सगळ्यात वेगाचा काळ आता सुरू होणार असतो. वर्षभरात ते पाच-साडेपाच इंचांचं व्हायला हवं. तालमीत नव्याने आलेल्या पोराचा खुराक जसा चुकवून चालत नाही, तसंच इथे. पहिल्या वर्षात खुंटलेला डिस्कस पुढे कितीही मोठ्या टाकीत सोडा, भरून येत नाही. खुंटलेला मासा ओळखायलाही सोपा असतो. अंग लहान राहतं, डोळा तेवढा मोठा दिसतो आणि गोल आकार लांबट होतो.

आता टाक्यांकडे वळू. आपल्या पिढीने मत्स्यालय पहिल्यांदा पाहिलं ते बहुतेक मुंबईच्या सहलीत, मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली सुरू झालेली ती वास्तू. भिंतीत बसवलेल्या उजेडाच्या चौकटी आणि आत मासे, असं तिथलं रूप डोक्यात बसलं. घरी टाकी आली तीही चौकटीसारखीच, शोकेसच्या कप्प्यात किंवा टीव्हीशेजारी मावेल एवढी. दोन बाय एक बाय एक फूट हे माप पेठांपासून राजारामपुरीपर्यंत घरोघर दिसायचं ते या कारणाने. त्यात गोल्डफिश असायचे. मग फेंगशुईच्या लाटेत फ्लॉवरहॉर्न आले, अरोवाना आले. दोन-अडीच इंची डिस्कस त्यांच्यापुढे अगदीच इवले. मग त्यांना दोन फुटी टाकी भरपूर झाली, असं दुकानदार सांगे आणि गिऱ्हाइकाला पटेही.

दोन बाय एक बाय एक म्हणजे दोन घनफूट. काठोकाठ भरली तर ५६ लिटर, प्रत्यक्षात पन्नासच. सहा पिल्लांना दिवसभरात चार-पाच वेळा मिळून दोन ग्रॅम कोरडं खाद्य घातलं, त्यात निम्मी प्रथिनं आहेत, असं धरा. एक ग्रॅम प्रथिनात नायट्रोजन सुमारे १६० मिलिग्रॅम असतो. त्यातला निम्मा माशांनी अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडला तर झाले ८० मिलिग्रॅम. पन्नास लिटरमध्ये लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर, आणि हे एका दिवसात. हाच हिशोब १७० लिटरला लावला तर आकडा अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत येतो. फिल्टरमधले जिवाणू अमोनिया खातात हे खरं, पण नव्या टाकीत त्यांची वसाहत जमायला चार ते सहा आठवडे जातात आणि आपला उत्साही गडी टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणतो. त्यात डिस्कसला लागतं २८ ते ३० अंशांचं पाणी. गरम पाण्यात अमोनियाचा विषारी भाग वाढतो. पीएच ७ असेल तर तो एक टक्क्याच्या आत असतो, पीएच ८ झाला की तीस अंशांना सात-आठ टक्क्यांवर जातो. काळ्या पाषाणातल्या बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांची पिल्लं लवकर का कोमेजत, याचं एक उत्तर इथे आहे. दोष बोअरला दिला जाई. दोन फुटी टाकी सुटून जाई.

मग आली भारनियमनाची वर्षं. २००५ नंतरची सहा-सात वर्षं ज्यांनी काढली त्यांना वेगळं सांगायला नको. वीज गेली की एअर पंप बंद, स्पंज फिल्टर बंद, हीटर बंद. डिसेंबरच्या रात्री कोल्हापुरात पारा पंधराच्या आसपास उतरतो. लहान टाकीचं पाणी बघता बघता निवतं. तीस अंशांच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मुळातच कमी, लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, तोही दाटीत लवकर संपतो. मोठ्या टाकीला निवायलाही वेळ लागतो आणि गुदमरायलाही. चार फुटी टाकीचा आग्रह माझ्या मते तेव्हा रुजला आणि तो शहाणपणाचा होता. इन्व्हर्टर घेण्याची ऐपत सगळ्यांची नव्हती. शे-दोनशे लिटर जादा पाणी हाच गरिबाचा इन्व्हर्टर होता.

पण चार फुटीचे स्वतःचे हट्ट असतात. चार बाय दीड बाय दोन फूट म्हणजे ३४० लिटर. पाणी, दहा मिलिमीटरची काच आणि लोखंडी स्टँड मिळून वजन चारशे किलोच्या वर जातं. उद्यमनगरात अँगलचा स्टँड पाहिजे तसा वेल्डिंग करून मिळतो, त्याची काळजी नाही. काळजी त्याखालच्या जमिनीची. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत अजून लाकडी तुळयांच्या माड्या आहेत. तिथे हा भार चढवायचा म्हणजे घरातल्या थोरल्या माणसांशी भांडण ठरलेलं, आणि त्या भांडणात थोरली माणसं बरोबर असतात. शिवाय ३४० लिटरच्या टाकीत दोन इंची सहा पिल्लं सोडली की ती भेदरून एका कोपऱ्याला राहतात. खाद्य दुसऱ्या टोकाला पडून कुजतं. त्यातून टाकीत वाळू, लाकूड, वनस्पती मांडलेल्या असल्या तर उरलेलं खाद्य हाती लागत नाही. टाकी दिसते देखणी, पिल्लं मात्र हडकतात.

तिसरी लाट या अनुभवातूनच आली. बँकॉक-पेनांगच्या फार्मांची चित्रफीत मोबाइलवर दिसू लागली आणि लोकांनी पाहिलं की तिथे तर रांगेने छोट्या, रिकाम्या तळाच्या टाक्या आहेत आणि त्यात पिल्लं गच्च भरलेली आहेत. झालं, पुन्हा दोन फुटीचा जमाना! त्या फार्मवर रोज, कधी दिवसातून दोनदा, जवळजवळ सगळं पाणी बदलतात ही गोष्ट चित्रात ठळक दिसत नव्हती. आपण काचेचं माप उचललं, त्यांचा नळ तिकडेच राहिला. तळ रिकामा ठेवण्याची सवय तेवढी चांगली लागली. खाद्याचंही तसंच. परदेशी पद्धतीत बैलाच्या काळजाचा खिमा असे. इथे त्याची जागा कोंबडीच्या काळजाने आणि कोकणातून येणाऱ्या कोळंबीने घेतली आणि पिल्लांनी तक्रार केली नाही. पण हा ओला खुराक पाणी फार लवकर नासवतो. लहान टाकी आणि ओला खुराक ही जोडी फक्त भरपूर पाणी असलेल्याने जमवावी.

आणि पाणी म्हटलं की कोल्हापूरकराला हसावं की रडावं कळत नाही. पंचगंगा उशाशी, रंकाळा पायथ्याशी, तरी नळाला पाणी येण्याच्या वेळेवर घर चालतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फुटांची. बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचा नळ बंद पडला. प्यायला टँकर, तिथे माशांना कोण विचारतो? जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्या दिवसांत टिकली ती मोठ्या टाकीतली, थोडी असलेली आणि उपाशी ठेवलेली पिल्लं. खाद्य बंद केलं की अमोनियाही जवळपास थांबतो, एवढं ज्यांना माहीत होतं त्यांचे मासे वाचले. दोन फुटीत दहा-बारा पिल्लं दाटीने वाढवणाऱ्यांना नळ बंद झाल्यावर काही करता येण्यासारखं नव्हतं.

काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन वर्षानुवर्षं रखडून अखेर २०२३ च्या दिवाळीत शहरात पोचली. राजकारण त्यावर बरंच झालं, ते इथे नको. मासे पाळणाऱ्याच्या दृष्टीने सह्याद्रीच्या कुशीतलं धरणाचं पाणी बोअरपेक्षा केव्हाही बरं. अर्थात क्लोरीन त्यातही असतो आणि पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की जास्तच जाणवतो. पूर्वी त्यावर फोटो स्टुडिओतून हायपोचे खडे आणायचे. फिल्म धुताना लागणारा हायपो म्हणजेच सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन मारण्यात पटाईत. स्टुडिओतल्या काळोख्या खोल्या गेल्या, आता तेच रसायन रंगीत बाटलीत चौपट दराने मिळतं. ज्याच्याकडे बॅरल आहे तो पाणी चोवीस तास साठवून, त्यात हवेचा दगड सोडून बराचसा क्लोरीन फुकटात घालवतो. आणि एक सांगून टाकतो, पिल्लं वाढवायला ॲमेझॉनसारखं मऊ, आंबट पाणी बनवण्याच्या मागे लागू नका. पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेल्या डिस्कसला नळाचं पाणी चालतं. मऊ पाणी लागतं ते अंडी घालण्याच्या वेळी. पिल्लांना हवं ते स्वच्छ पाणी आणि रोज तसंच पाणी.

संख्येचा घोळ अजून आहेच. दोन-तीन पिल्लं आणून ‘आधी जमतंय का बघू’ म्हणणारे पुष्कळ. सिक्लिड कुळातला हा मासा शांत दिसतो, पण त्याच्यात वरचढपणा जबर असतो. तिघांत एक दादा होतो, दुसरा त्याच्या तावडीतून निसटत राहतो, तिसरा उपाशी मरतो. सहा-आठ असले की दादागिरी वाटली जाते. म्हणून टाकीचं माप ठरवताना आधी सहा हा आकडा धरावा लागतो आणि मगच फूट मोजायला बसायचं.

इतक्या वर्षांच्या या हेलकाव्यांतून माझं मत असं बनलं आहे. सहा ते आठ पिल्लांना तीन बाय दीड बाय दीड फूट टाकी घ्या, आठ मिलिमीटर काचेची. काठापासून दोन इंच खाली भरली की १७० लिटर पाणी मावतं. तळ रिकामा ठेवा, स्पंज फिल्टर दोन लावा, हीटर २९ अंशांवर. रोज चाळीस टक्के पाणी बदलायचं म्हणजे ७० लिटरच्या आसपास, वीस लिटरच्या साडेतीन बादल्या. हे काम शाळकरी पोरालाही झेपतं, म्हणून ते रोज होतं. चार फुटीचं निम्मं पाणी बदलायला दीडशे-पावणेदोनशे लिटर लागतात. चार दिवस होतं, पाचव्या दिवसापासून टळतं. सहा महिन्यांनी मासे चार इंचांकडे गेले की मग चार फुटी आणा. मोठ्या डिस्कसला माशी चाळीस लिटर धरा. उंचीही तेव्हा दोन फूट असलेली बरी.

टाकीचे पैसे देण्याआधी मोरीत शंभर लिटरचं झाकणाचं बॅरल ठेवून बघा. ते रोज भरतंय का, भरलेलं चोवीस तास तसंच ठेवता येतंय का, की घरातलं कुणी धुण्याला वापरून टाकतंय, हे महिनाभर पाहा. बॅरल टिकलं तर डिस्कस घ्या. नाही टिकलं तर त्याच तीन फुटीत चार एंजल सोडा. तेही ॲमेझॉनचेच, त्याच कुळातले, आणि आठवड्याला एकदा पाणी बदललं तरी त्यांचं भागतं.