वळिवड्याचीं पोलिश मुलें व इंग्रजी भाषा

महाबळेश्वराहून पांचगणीस जाणारा रस्ता आपल्या नित्य परिचयाचा आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पोलंड देशांतील निर्वासित मुलें हवापालटासाठीं पांचगणीस राहिलीं होतीं व कांहीं पोलिश मुली तेथील कॉन्व्हेंट शाळेंत शिकत होत्या, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.

१९३९ सालीं जर्मनी व सोव्हिएट रशिया यांनीं पोलंड देश वांटून घेतला. रशियाच्या वांट्यास आलेल्या मुलखांतून असंख्य कुटुंबें सैबेरिया व कझाकस्तान येथें नेण्यांत आलीं. १९४१ च्या करारानें सुटका झाल्यावर त्यांतील पुष्कळ लोक १९४२ सालीं इराणांत उतरले. नवानगरच्या जामसाहेबांनीं अनाथ मुलांस बालाचडी येथें आश्रय दिला. आणि १९४३ सालीं कोल्हापूरजवळ वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश लोकांची वसाहत उभी राहिली. तींत मुख्यतः स्त्रिया व मुलें होतीं.

तेथें प्रार्थनामंदिराबरोबर शाळाही निघाल्या. शिक्षणाचें माध्यम पोलिश होतें आणि इंग्रजी हा एक विषय होता. ज्या मुलाचें घर गेलें, गांव गेलें, त्याची भाषाही गेली तर त्याच्याजवळ आपलें म्हणण्यासारखें काय उरणार?

तथापि इंग्रजीवांचून चालण्यासारखें नव्हतें. युद्धानंतर पूर्व पोलंड रशियांत गेला. पुष्कळांस परतावयास घरच राहिलें नाहीं. १९४७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें पोलिश सैनिकांच्या वसाहतीचा कायदा केला, आणि १९४८ पर्यंत वळिवड्याचीं कित्येक कुटुंबें इंग्लंडास गेलीं. तेथें दुकानांत, कारखान्यांत व शाळेंत हीच भाषा त्यांच्या उपयोगीं पडावयाची होती.

तिचें अध्ययन सोपें नव्हे. पोलिश भाषेंत मराठीप्रमाणेंच तीन लिंगें आहेत, नामांस विभक्ति आहेत, आणि नामापूर्वीं ‘अ’ किंवा ‘द’ लावण्याची रीति नाहीं. म्हणजे आमचे विद्यार्थी जेथें अडखळतात, तेथेंच पोलिश विद्यार्थ्यांच्याही वाटेंत धोंड होती!

लेखकांनींही या कामीं हात दिला. १९३५ पासून हिंदुस्थानांत राहिलेल्या वांडा दिनोव्स्का उर्फ उमादेवी या पोलिश विदुषीनें गुजराती कवि हरिश्चंद्र भट्ट यांच्यासह १९४४ सालीं पोलिश कवितांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला. निर्वासितांचें दुःख व त्यांची संस्कृति येथील वाचकांस कळण्यास इंग्रजी हा पूल झाला. उत्तरायुष्यांत याच बाईंनीं धर्मशाळेंतील तिबेटी निर्वासित मुलांची सेवा केली. १९७१ सालीं म्हैसूर येथें त्यांचें देहावसान झालें.

पालकहो, आपल्या मुलांस इंग्रजी अवश्य शिकवा. परंतु तीं घरीं मायबोली बोललीं म्हणून त्यांना रागें भरूं नका. आणि विद्यार्थिमित्रांनो, परप्रांतांतून आलेला मुलगा शेजारीं बसून चुकतमाकत बोलूं लागला, तर त्यास हंसूं नका. त्याला एक शब्द शिकवा व त्याच्याकडून एक शिका. आपला प्रभुही बाळपणीं मिसर देशांत परका म्हणून राहिला होता, याचें विस्मरण आपणांस कधींही न होवो.