प्रवेश पक्का, पैशाचे उत्तर बाकी

अमेरिकेत पदवीची पहिली दोन वर्षे एका महाविद्यालयात आणि उरलेली दोन दुसऱ्या विद्यापीठात पूर्ण करण्याची पद्धत जुनी आहे. कॅलिफोर्नियाने तर १९६० च्या उच्च शिक्षण आराखड्यातच तिला स्थान दिले. राज्यातील ११६ कम्युनिटी कॉलेजांपैकी एखाद्यात कमी शुल्कात सुरुवात करायची आणि तिसऱ्या वर्षी बर्कली, लॉस एंजेलिस किंवा डेव्हिस येथे जायचे, असा हा मार्ग. क्युपर्टिनोचे डी अँझा किंवा जवळचे फूटहिल कॉलेज यांच्यामुळे सिलिकॉन व्हॅलीतील मराठी घरांनाही तो अपरिचित नाही. खर्च वाचतो म्हणून तो निवडला जातो. मात्र खर्चाचा नेमका आकडा हाती येतो तो सर्वांत शेवटी. अनेकदा जागा स्वीकारण्याची मुदत तोंडावर आलेली असताना.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे वेळापत्रक या दृष्टीने बोलके आहे. ट्रान्स्फरचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरले जातात. जानेवारीत ताजे गुण आणि पुढील सत्राचे विषय कळवावे लागतात. निकाल एप्रिलअखेरपर्यंत लागतात आणि होकार कळवण्याची मुदत १ जून असते. म्हणजे अर्ज आणि निकाल यांत जवळपास पाच महिने जातात. कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी 'टॅग' नावाची हमी योजना आहे. ठरलेले विषय आणि गुण पूर्ण केल्यास तीत प्रवेशाची खात्री मिळते. परंतु नऊ परिसरांपैकी सहाच तीत सहभागी आहेत. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो तीत नाहीत. शिवाय ही हमी जागेची आहे, पैशाची नव्हे.

खासगी विद्यापीठांत प्रतीक्षा आणखी लांबते. बऱ्याच ठिकाणी ट्रान्स्फरचे अर्ज मार्चमध्ये घेतले जातात आणि निकाल मे महिन्यात किंवा त्यानंतर कळतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना होकारासाठी सर्वसाधारणपणे १ मे ही तारीख पाळली जाते. ट्रान्स्फरच्या विद्यार्थ्यांसाठी अशी समान तारीखच नाही. एका विद्यापीठाची अनामत रक्कम भरण्याची मुदत संपते, तेव्हा दुसऱ्याचा निकाल लागलेलाही नसतो.

दोन टेबले, दोन उत्तरे

प्रवेश आणि आर्थिक मदत यांचे निर्णय विद्यापीठातील वेगवेगळे विभाग घेतात, हे पालकांच्या सहसा उशिरा लक्षात येते. प्रवेशाचे पत्र आले म्हणजे मदतीचे पत्रही त्याच दिवशी येईल, असे नाही. मदतीसाठी 'फाफ्सा' हा संघराज्य सरकारचा अर्ज भरावा लागतो आणि अनेक खासगी महाविद्यालये त्याखेरीज 'सीएसएस प्रोफाइल' मागतात. कोणतेही कागदपत्र अपुरे राहिले, तर प्रकरण तेथेच थांबते. यंत्रणाच अडखळली तर काय होते, याचा अनुभव २०२४ मध्ये आला. एरवी १ ऑक्टोबरला खुला होणारा फाफ्सा त्या वर्षासाठी डिसेंबर २०२३ च्या अखेरीस उपलब्ध झाला आणि विद्यार्थ्यांची माहिती महाविद्यालयांपर्यंत मार्चमध्ये पोहोचू लागली. मदतीची पत्रे लांबल्याने अनेक संस्थांना होकाराच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या.

फाफ्साचा लाभ नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि अन्य काही मोजक्या गटांना मिळतो. एच-४ व्हिसावरील मुले त्यात बसत नाहीत. त्यामुळे एकाच मराठी घरात विचित्र चित्र दिसू शकते. अमेरिकेत जन्मलेली धाकटी मुलगी पात्र ठरते. आई-वडिलांचे उत्पन्न जास्त असल्याने तिला अनुदान मिळाले नाही, तरी सरकारी विद्यार्थी कर्ज मिळू शकते. तिचाच पुण्यात जन्मलेला थोरला भाऊ शाळेपासून अमेरिकेत शिकलेला असूनही अपात्र ठरतो. त्यात वयाच्या एकविसाव्या वर्षी एच-४ दर्जा संपतो आणि बहुतेकांना एफ-१ या विद्यार्थी व्हिसाकडे वळावे लागते. ट्रान्स्फरचा काळ नेमका याच वयात येतो. दर्जा बदलल्यावर राज्यातील रहिवासी म्हणून मिळणारी शुल्कसवलत धोक्यात येऊ शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२५-२६ साठी अनिवासी विद्यार्थ्यांवरील अतिरिक्त शुल्क वर्षाला ३७,६०२ डॉलर होते. मूळ शुल्क, राहणे आणि जेवण याहून वेगळे. घराचे गणित कोसळायला एवढा एक आकडा पुरेसा आहे.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. अर्जदाराची आर्थिक गरज न पाहता प्रवेश देणारी विद्यापीठे मोजकीच आहेत आणि ती सवलत ट्रान्स्फरला लागू होतेच असे नाही. इतर ठिकाणी मदत मागितल्यास प्रवेशाची शक्यता घटते. म्हणून काही जण अर्जात मदत नको असे लिहितात आणि पुढे पाहू म्हणतात. हा जुगार महागात पडतो. कारण प्रवेशाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढील वर्षांत ती मागता येणार नाही, असा अनेक संस्थांचा नियम आहे.

श्रेयांकांची गळती

तिसरे उत्तर याहूनही उशिरा येते. आधीच्या महाविद्यालयात मिळवलेल्या श्रेयांकांपैकी, म्हणजेच क्रेडिटपैकी, किती मान्य होणार? अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१७ च्या अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात ट्रान्स्फर झालेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेले होते. एक सत्र वाढले, की तेवढे शुल्क आणि घरभाडे वाढते. मदतीचे पत्र कितीही उदार असले, तरी पदवीला दोनऐवजी अडीच वर्षे लागणार असतील तर त्याचा अर्थ बदलतो. मुंबई किंवा पुण्यात पहिले वर्ष करून जाणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. गुणपत्रिका पुरत नाही. प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम द्यावा लागतो आणि तो संलग्न महाविद्यालयातून मिळवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते.

व्हिसाधारकांना यानंतरही एक टप्पा उरतो. नवे विद्यापीठ पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवल्याशिवाय आय-२० हा दाखला देत नाही आणि जुन्या संस्थेने संगणकीय नोंद नव्या संस्थेकडे सोडावी लागते. दोन संस्थांमधील खंड पाच महिन्यांहून अधिक चालत नाही. भारतातून कर्ज घेतलेल्यांनी बँकेशी आधीच बोलणे आवश्यक ठरते, कारण मंजुरी विशिष्ट संस्था व अभ्यासक्रमासाठी असते. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती येथे उपयोगी पडत नाही. ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने मांडलेल्या नियमाच्या मसुद्यात तर पहिले शैक्षणिक वर्ष पूर्ण होण्याआधी संस्था बदलण्यावर निर्बंध सुचवले होते. त्यामुळे अर्जापूर्वी आपल्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लागू असलेला नियम समजून घ्यावा.

निकालाची वाट पाहताना विद्यार्थ्याच्या हाती काहीच नसते, हा समज पूर्ण खरा नाही. मदतीचे पत्र आले नसेल तर होकाराची मुदत वाढवून मिळेल का, हे ई-मेलने लेखी विचारता येते. अनेक कार्यालये काही दिवस देतात. पालकांची नोकरी गेली किंवा उत्पन्न घटले असेल, तर पुराव्यासह फेरविचाराचा अर्ज करता येतो. कोणते श्रेयांक मुख्य विषयात धरले जातील आणि कोणते केवळ ऐच्छिक म्हणून, हे अनामत भरण्यापूर्वी संबंधित विभागाकडून लिहून घेणे केव्हाही बरे. आणि चालू सत्राकडे दुर्लक्ष नको. मिळालेला प्रवेश सशर्त असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाला अंतिम गुणपत्रिका १ जुलैपर्यंत लागते आणि एप्रिलमध्ये हातात आलेली जागा मे महिन्यातील एका नापास विषयाने जाऊ शकते.