परागज्वर व त्याची विशेष चिकित्सा

परागज्वर : वाऱ्याबरोबर पसरणाऱ्या परागकणांमुळे नाक व डोळे यांच्या श्लेष्मकलेत उद्भवणारा ॲलर्जीजन्य विकार. शिंकांची सर, नाकातून पाण्यासारखा स्राव, नाक चोंदणे, डोळ्यांची व टाळूची खाज ही त्याची प्रमुख लक्षणे होत; ज्वर मात्र सहसा नसतो. लंडनचे वैद्य जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःच्याच विकाराचे वर्णन केले. वाळलेल्या गवताच्या वासाने तो होतो, अशा समजुतीतून त्याला ‘गवताचा ज्वर’ या अर्थाचे इंग्रजी नाव पडले. चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून खरे कारण गवताचे पराग असल्याचे १८७३ मध्ये दाखवून दिले.

गुजरातच्या सीमेवरील अच्छाडपासून डहाणूच्या किनाऱ्यापर्यंतच्या प्रदेशात हा भेद केवळ शब्दाचा नाही. येथील गवतकापणी जुनी. १९४५ च्या वारली उठावात पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी ही एक प्रमुख मागणी होती. पावसाळ्याच्या अखेरीस गवत फुलोऱ्यावर येते, तेव्हा हवेत पराग असतात. कापलेल्या गवताच्या गंजीत ओल राहिल्यास त्यावर बुरशी वाढते व गंजी उपसताना तिची बीजुके श्वासात जातात. याखेरीज दमट हवेत अंथरुणा-पांघरुणांत वाढणारे धुळीतील सूक्ष्म माइट वर्षभर त्रास देऊ शकतात. शिंक तीच, पण कारणे तीन. बुरशीयुक्त गवत हाताळल्यावर काही तासांनी ताप, खोकला व धाप लागत असेल, तर तो परागज्वर नसून फुप्फुसाचा निराळा विकार असण्याचा संभव असतो.

म्हणून तज्ञाचे पहिले साधन रुग्णाची हकिकत हेच होय : त्रास कोणत्या महिन्यात, शेतात की घरात, कोणते काम करताना होतो? त्यानंतर त्वचेवर संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून सुईने हलकेच टोचतात व १५ ते २० मिनिटांनी उठणारी गांधी मोजतात. हिस्टामीनरोधक औषधे काही दिवस आधी थांबवावी लागतात. गांधी उठली एवढ्यावरून रोगनिश्चिती होत नाही. ती हकिकतीशी जुळावी लागते. लांबलचक याद्यांच्या चाचण्या करून अनेक अन्नपदार्थ वर्ज्य करण्याचा प्रकार निरर्थक आहे.

नाकात फवारण्याची स्टेरॉइड औषधे व हिस्टामीनरोधके यांनी बहुतेकांस आराम पडतो. न पडल्यास कारक पदार्थाची मात्रा क्रमाने वाढवीत देण्याची पद्धत उपयोगी ठरते. लेनर्ड नून यांनी ती १९११ मध्ये गवताच्या परागांबाबत वर्णिली. ती सुमारे तीन वर्षे चालते. प्रत्येक अंतःक्षेपणानंतर रुग्णास किमान अर्धा तास दवाखान्यात थांबवितात. दमा आटोक्यात नसताना ती देत नाहीत.

परागज्वराच्या पुष्कळ रुग्णांना दमाही असतो. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने अनेकजण तो टाळतात, किंवा धाप लागल्यावर तात्पुरता आराम देणारा पंप तेवढा ओढतात. श्वासनलिकांचा दाह त्याने शमत नाही. केवळ अशा पंपावर विसंबू नये, असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शनात २०१९ पासून सांगितले आहे. दाह शमविणारे श्वसनातून घ्यावयाचे स्टेरॉइड अल्प मात्रेत पुरते. गोळ्या वा अंतःक्षेपणे वारंवार घेतल्याने होणारी हाडांची झीज व मधुमेह यांचा धोका त्यात पुष्कळच कमी असतो. पंप वापरूनही एका दमात वाक्य पुरे बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर रुग्णास ताबडतोब प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते व वाटेतही पंप देत राहावा लागतो.