सीईटीचे गुण, मोठी फी आणि एक वर्ष

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. रविवारी विहारातील वंदना आटोपून घरी येतो न येतो, तोच आमच्या चाळीतील एक भगिनी मुलीला घेऊन दारात उभी. मुलगी बीएमएसच्या पहिल्या वर्षाला, दोन विषय राहिलेले, आणि फीचा दुसरा हप्ता थकलेला. आई धुणीभांडी करते, वडील कंत्राटी सफाई कामगार. पहिला हप्ता मंगळसूत्र मोडून भरला होता, हे मला मागाहून कळले.

"भाऊ, आता हिला घरी बसवू का?" बाई म्हणाली.

राज्यात २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएसला सीईटी लागू झाली. तीत हिला फारच थोडे गुण पडले. घाबरून व्यवस्थापन कोट्यातील जागा घेतली. त्या कोट्यातील विद्यार्थ्याला भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळत नाही, हे कोणी सांगितले नाही. उत्पन्न अडीच लाखांच्या आत, जातीचा दाखला हाताशी, तरी महाडीबीटीवरचा अर्ज बाद.

"बारावीला किती होते?" मी विचारले.

"एकावन्न टक्के. पण काका, सीईटीला एवढे कमी, मला दुसरीकडे कोण घेणार?"

इथेच आपली मुले फसतात. साध्या बी.कॉम.ला सीईटी लागत नाही. प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो आणि अनुसूचित जातींना १३ टक्के जागा राखीव असतात. ज्या तुकडीच्या प्राध्यापकांचा पगार सरकार देते ती अनुदानित, आणि तिची फी विनाअनुदानित तुकडीच्या मानाने फारच थोडी. पुष्कळदा दोन्ही वर्ग एकाच इमारतीत भरतात. प्रवेशाच्या खिडकीवर हा फरक आपणहून कोणी सांगत नाही, पालकांनीच तोंड उघडून विचारावे लागते.

आम्ही आधी थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागून पाहिला. विषय जुळत नाहीत, शिवाय दोन राहिलेले, म्हणून नकार आला. पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची म्हटल्यावर मुलगी रडली. वर्ष फुकट गेले हे खरेच. पण उरलेल्या दोन वर्षांची फी व्याजाने पैसे काढून भरण्यापेक्षा ते परवडले, असे माझे स्पष्ट मत पडले. मुलीचे वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग अडले ते कागदांवर. "आधी फी भरा, मग गुणपत्रिका न्या," असे जुन्या कॉलेजचे उत्तर. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली अधिसूचना काढून बजावले आहे. तिचा हवाला देऊन दोन प्रतींत अर्ज लिहिला आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. (कारकुनाची विद्या ती एवढीच!) आठव्या दिवशी गुणपत्रिका आणि दाखला हातात आला. थकलेल्या फीचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

मुलीला अनुदानित बी.कॉम.ला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याआधी समाजकल्याण कार्यालयात जाऊन मागच्या वर्षाची हकिकत आम्ही लेखी दिली. उगाच पुढे त्रुटी नको.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. मीही नोकरी सांभाळून सकाळच्याच कॉलेजात बी.कॉम. झालो. ही मुलगी आता सकाळी कॉलेजला जाते, दुपारी एका दुकानात बिले लिहिते आणि रविवारी वही घेऊन माझ्याकडे येते. नावे आणि जमा अजून उलटसुलट लिहिते.