गेटिसबर्गचा हंगामी इतिहासकार

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात गेटिसबर्ग नावाचे छोटे गाव आहे. १८६३ साली १ ते ३ जुलै असे तीन दिवस या गावाभोवतीच्या शेतांत आणि टेकड्यांवर अमेरिकन यादवी युद्धातली सर्वांत रक्तरंजित लढाई झाली. ठार, जखमी, कैद झालेले आणि बेपत्ता अशी दोन्ही बाजूंची बेरीज सुमारे ५१,००० भरते. ही रणभूमी १८९५ साली राष्ट्रीय लष्करी उद्यान झाली. आधी ती युद्धखात्याच्या ताब्यात होती, १९३३ पासून ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. आवारात १,३०० हून अधिक स्मारके आहेत. पण दगडावर पलटणीचे नाव वाचून तिथे काय घडले ते कळत नाही. ते सांगायला माणूस लागतो. उन्हाळ्यात गर्दी वाढली की कायम कर्मचारी पुरत नाहीत, आणि मग हंगामी इतिहासकार कामावर येतात.

लोक त्यांना इतिहासकार म्हणतात, पण कागदोपत्री पद असते ‘पार्क रेंजर’चे. करड्या रंगाचा सदरा, हिरवी पँट आणि रुंद सपाट काठाची टोपी हा गणवेश. नोकरी केंद्र सरकारची असल्यामुळे अमेरिकन नागरिकत्व लागते. उन्हाळ्याच्या जागांसाठी अर्ज काही महिने आधीच भरावे लागतात. इतिहासाची किंवा तत्सम विषयाची पदवी नाहीतर त्या तोडीचा अनुभव लागतो. नेमणूक साधारण सहा महिन्यांच्या आतली असते, तासांत मोजायची तर सामान्यतः १,०४० पेक्षा कमी. ज्याचे काम चांगले झाले त्याला पुढच्या हंगामात त्याच जागी पुन्हा घेण्याची सोय असते. त्यामुळे शाळा-कॉलेजांत शिकवणारी काही मंडळी वर्षानुवर्षे उन्हाळा इथेच काढतात.

रुजू झाल्यावर पहिले काम म्हणजे चालणे आणि वाचणे. नकाशा घेऊन सगळे रान पायाखाली घालायचे. कुठून काय दिसते, कुठला उंचवटा काय झाकतो, हे पायांनी शिकायचे. संध्याकाळी वाचन. युद्धातले अहवाल, आदेश आणि पत्रव्यवहार सरकारने १२८ खंडांत छापलेले आहेत. त्याशिवाय सैनिकांची पत्रे, रोजनिश्या, आठवणी. जॉन बॅचेल्डर या अभ्यासकाने लढाईनंतर अनेक वर्षे त्यात लढलेल्यांशी पत्रव्यवहार केला, तो सगळा संग्रहही हाताशी असतो.

मात्र पाठ करायला तयार भाषण कोणी देत नाही. प्रत्येक रेंजर आपला कार्यक्रम स्वतः बांधतो. वरिष्ठ तो प्रेक्षकांत उभे राहून ऐकतात आणि दुरुस्त्या सुचवतात. या बांधणीमागे फ्रीमन टिल्डन यांच्या १९५७ सालच्या पुस्तकाचा मोठा आधार आहे. टिल्डन यांचे सांगणे असे, की नुसती माहिती पुरवणे म्हणजे उलगडून दाखवणे नव्हे. ऐकणाऱ्याच्या आयुष्याशी नाते जुळले पाहिजे आणि त्याच्या मनात कुतूहल जागे झाले पाहिजे. म्हणून अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला एकच मध्यवर्ती सूत्र ठेवतात. ते एका वाक्यात सांगता आले नाही, तर कार्यक्रम अजून तयार झालेला नाही असे समजायचे.

हे प्रत्यक्षात कसे होते, ते तिसऱ्या दिवसाच्या चढाईवरून पाहू. ३ जुलैला दुपारी एकच्या सुमारास दक्षिणेच्या, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांच्या, तोफांनी भडिमार सुरू केला. तो थांबल्यावर सुमारे १२,००० सैनिक झाडीतून बाहेर पडले आणि जवळजवळ मैलभर उघड्या शेतातून समोरच्या, उत्तरेचे सैन्य असलेल्या टेकाडाकडे चालू लागले. पिकेट या दक्षिणेच्या सेनानीच्या नावाने ओळखली जाणारी ही ‘पिकेटची चढाई’. त्यातले जवळपास निम्मे ठार, जखमी किंवा कैद झाले. एवढे सांगून आकडे कळतात, चढाई कळत नाही. म्हणून रेंजर लोकांना रांगेत उभे करतो आणि त्या शेतातून चालवतो. लांबून सपाट वाटणाऱ्या जमिनीत खळगे आहेत. त्यात उतरले की समोरचे टेकाड क्षणभर दिसेनासे होते, आणि वर आले की ते एकदम जवळ येऊन उभे राहते. पुढे एमिट्सबर्ग रस्ता लागतो. त्याच्या दोन्ही कडांना लाकडी कुंपणे होती. ती ओलांडताना रांगा फुटल्या, आणि नेमके तेव्हाच सैनिक बंदुकांच्या टप्प्यात आले. लोक कुंपणापाशी थांबतात, मागे वळून किती आलो ते बघतात, पुढे किती उरले ते बघतात. मग कुणी तरी विचारतो, “इथून पुढे ते गेलेच का?” तो प्रश्न निघाला की रेंजरचे निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे काम पुराव्याचे. या पेशात ‘कशावरून?’ हा प्रश्न रोज येतो आणि त्याचे उत्तर प्रत्येक वाक्यामागे तयार असावे लागते. लढाईनंतर थोड्याच दिवसांत लिहिलेला अहवाल आणि वीस-पंचवीस वर्षांनी सांगितलेली आठवण यांचे वजन सारखे नसते. अहवाल लिहिणाऱ्याला स्वतःची बाजू सावरायची असते, आणि म्हाताऱ्या सैनिकाच्या आठवणीत मधल्या काळात ऐकलेले किस्से मिसळलेले असतात. म्हणून दोन्ही तपासायचे, जमिनीशी ताडून पाहायचे आणि मगच बोलायचे.

‘डेव्हिल्स डेन’ नावाच्या खडकाळ जागेवर याचा धडाच मिळतो. दोन शिळांमधल्या दगडी आडोशामागे मरून पडलेला दक्षिणेचा नेमबाज, शेजारी भिंतीला टेकवलेली बंदूक, हे छायाचित्र छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनर यांनी प्रसिद्ध केले आणि ते जगभर गेले. १९७५ साली अभ्यासक विल्यम फ्रॅसॅनिटो यांनी त्या जागेची सगळी जुनी छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून दाखवून दिले, की हाच मृतदेह आधी सुमारे ४० यार्डांवर दुसरीकडे टिपलेला आहे. छायाचित्रकारांनी तो उचलून आडोशापाशी आणून ठेवला होता. बंदूकही नेमबाज वापरत त्या जातीची नव्हती. रेंजर छायाचित्राची मोठी प्रत हातात धरतो, लोकांना त्याच शिळांसमोर उभे करतो आणि पुराव्याची एक एक पायरी उलगडतो. मृत्यू खरा होता आणि कथा रचलेली होती, या दोन्ही गोष्टी ऐकणाऱ्याला एकाच वेळी समजतात.

सर्वांत अवघड प्रश्न वेगळाच असतो: युद्ध झाले कशासाठी? पूर्वी रणभूमीवर पलटणींच्या हालचाली सांगत आणि कारणांचा विषय टाळत. २००० सालच्या सुमारास अमेरिकी संसदेने उद्यान सेवेला यादवी युद्धाच्या रणभूमींवर गुलामगिरीचा युद्धाशी असलेला संबंध समजावून सांगण्यास उत्तेजन दिले. यावर पाहुण्यांशी वाद होतात. अशा वेळी रेंजर स्वतःचे मत मांडत नाही, कागद पुढे करतो. १८६१ च्या जानेवारीत मिसिसिपी राज्याने फुटून निघताना केलेल्या जाहीरनाम्यात, आपली भूमिका गुलामगिरीच्या प्रथेशी पूर्णपणे जोडलेली आहे असे त्या राज्यानेच स्पष्ट लिहून ठेवले आहे.

आणि कागदाच्या जोडीला जमीन असते. पिकेटची चढाई जिथे थोपवली गेली, तिथून थोड्याच अंतरावर एक लहानसे पांढरे घर आहे. ते अब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे. त्याची बारा एकर शेती होती. दक्षिणेचे सैन्य येतेय म्हटल्यावर तो कुटुंबासह निघून गेला, कारण पेन्सिल्व्हेनियात शिरलेले ते सैन्य कृष्णवर्णीय लोकांना पकडून दक्षिणेत गुलामीत पाठवत होते. लढाईनंतर तो परतला तेव्हा घराची चाळण झालेली होती आणि शेत उद्ध्वस्त झाले होते. घराच्या पायरीशी उभे राहून हे ऐकले, की युद्ध कशासाठी झाले हा प्रश्न हवेत राहत नाही.

मराठी वाचकाला हे घर परके वाटण्याचे कारण नाही. लढाईनंतर दहाच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. गेटिसबर्गला काय पणाला लागले होते, हे पुण्यात बसून ओळखणारा माणूस आपल्याकडे होता.

कार्यक्रमांखेरीज दिवसभर इतर कामे असतातच. स्वागतकक्षात बसून नकाशे द्यायचे, वाटा सांगायच्या, मुलांच्या ज्युनियर रेंजर पुस्तिका तपासून त्यांना बिल्ले द्यायचे, विजा चमकू लागल्या की लोकांना उघड्यावरून हलवायचे. कुणाचा पणजोबा अमुक पलटणीत होता असे कळले, की ती पलटण कुठे उभी होती ते शोधून त्या कुटुंबाला तिथे पाठवायचे. हे काम रेंजर मंडळी फार मनापासून करतात, आणि करायलाच हवे. इतिहास आपल्या घरापर्यंत येतो, हे त्या कुटुंबाला तिथे उभे राहिल्यावर पटते.

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे जाणारी मराठी माणसे वॉशिंग्टन हमखास पाहतात. गेटिसबर्ग तिथून सुमारे ८० मैलांवर आहे. संग्रहालयाला तिकीट आहे, पण रणभूमीवर फिरायला पैसे पडत नाहीत आणि उन्हाळ्यातले रेंजरचे कार्यक्रमही मोफत असतात. एक दिवस हाताशी ठेवून जा, रेंजरबरोबर ते शेत चालून पार करा, आणि काही पटले नाही तर मोकळेपणाने “कशावरून?” असे विचारा. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच ती माणसे हंगामभर उन्हात उभी असतात.