एका संध्याकाळी तीन नृत्ये

बॅले म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर 'स्वान लेक' उभे राहते. शुभ्र वेशातील नर्तिकांची रांग, चायकोव्हस्कीचे संगीत आणि तीन-चार अंकांत सावकाश उलगडणारी राजपुत्राची प्रेमकथा. परंतु विसाव्या शतकात या कलेने जी मोठी मजल मारली, ती अशा पूर्ण रात्रीच्या कथानृत्यांपेक्षा 'मिश्र कार्यक्रमा'तून अधिक मारली. एकाच संध्याकाळी तीन किंवा चार स्वतंत्र छोट्या रचना, मध्ये विश्रांती. त्यांतील एखादी अगदी ताजी, तर एखादी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची आणि मधल्या काळात विस्मरणात गेलेली. सर्गेई दिआगिलेव्ह यांच्या 'बॅले रूस' या रशियन संचाने १९०९ पासून पॅरिसला या पद्धतीची गोडी लावली आणि पुढे जगभरच्या संस्थांनी ती उचलली.

अशा कार्यक्रमात नव्या रचनेचे धाडस म्हणून कौतुक होते आणि जुनी रचना वडिलोपार्जित दागिन्यासारखी आदराने पाहिली जाते. तिजोरी उघडली, दागिना काढला, पुसला आणि घातला, असाच आपला समज असतो. नृत्याच्या बाबतीत मात्र ही तिजोरी बहुधा रिकामीच सापडते. नाटकाची संहिता उरते, सिंफनीचे स्वरलेखन उरते, चित्र तर भिंतीवर टांगलेलेच असते. नृत्य संपले की मागे उरतात ती माणसे आणि त्यांची स्मरणशक्ती. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये हालचालींची लिपी प्रसिद्ध केली, पुढे चित्रफीतही आली. तरीही पाऊल कसे टाकायचे हे आजही मुख्यतः एका देहाकडून दुसऱ्या देहाकडेच जाते. आपल्याकडे बंदिश वहीत असली तरी गाणे गुरूच्या गळ्यातूनच घ्यावे लागते, तसेच काहीसे.

हा विषय ज्यांनी आयुष्यभर मनाशी धरला, त्यांत अमेरिकेतील 'जॉफ्री बॅले'चे संस्थापक रॉबर्ट जॉफ्री यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांचे जन्मनाव ऐकून भारतीय वाचकाला किंचित आश्चर्य वाटेल: अब्दुल्ला जाफा बे खान. वडील अफगाणिस्तानातून आलेले, आई इटालियन आणि जन्म सिएटलचा. १९५६ मध्ये त्यांनी जेराल्ड अर्पिनो या मित्राच्या साथीने सहा नर्तकांचा संच उभा केला. उसनी आणलेली एक मोटार आणि तिच्यामागे सामानाची गाडी जोडून हे सहाजण गावोगाव प्रयोग करीत फिरू लागले. स्वतः जॉफ्री मात्र न्यूयॉर्कमध्येच राहिले, कारण नर्तकांचे पगार त्यांच्या शिकवण्यांच्या उत्पन्नातून निघत होते!

पुढे रिबेका हार्कनेस या धनाढ्य बाईंचा आश्रय मिळाला. १९६२-६३ मध्ये अमेरिकी शासनाच्या सांस्कृतिक कार्यक्रमाअंतर्गत संचाने पश्चिम व दक्षिण आशियाचा दीर्घ दौरा केला. त्यात जॉफ्रींच्या वडिलांचा अफगाणिस्तान होता आणि आपला भारतही. त्यानंतर सोव्हिएत रशियाचा दौरा झाला. सारे सुरळीत चालले आहे असे वाटत असतानाच १९६४ मध्ये बाईंनी संचाला स्वतःचे नाव देण्याचा आग्रह धरला. जॉफ्रींनी नकार दिला. नर्तकांचे करार बाईंच्या प्रतिष्ठानाशी झालेले होते, आणि त्या पैशातून बसवलेल्या रचना, नेपथ्य, वेशभूषा यांवरही हक्क प्रतिष्ठानाचाच होता. एका फटक्यात संस्थेजवळ संस्थापकांखेरीज फारसे काही उरले नाही. कर्जव्यवहारात तारण म्हणून काय ठेवले आहे याकडे लक्ष ठेवण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना या प्रसंगाचे गांभीर्य अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने जॉफ्रींनी १९६५ मध्ये नव्या नर्तकांसह पुन्हा मुळापासून आरंभ केला आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सिटी सेंटर' या नाट्यगृहात त्यांना हक्काचे स्थान मिळाले. रचनासंग्रह शून्यातून उभा करायचा होता. एखाद्याने अशा वेळी सगळाच भर नव्यावर दिला असता. जॉफ्रींनी दोन्ही दिशांना हात पसरले.

१९६७ हे वर्ष पाहा. त्या वर्षी त्यांनी स्वतःची 'अस्टार्टी' ही रचना मंचावर आणली: कर्कश रॉक संगीत, पडद्यावर धावणारी चित्रफीत, प्रेक्षकांतून उठून मंचावर चालत जाणारा नर्तक. पुढच्या वर्षी 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. आणि त्याच वर्षी, त्याच संचाने कुर्ट योस यांचे 'द ग्रीन टेबल' हे १९३२ सालचे जर्मन नृत्य अमेरिकी संचातर्फे प्रथमच सादर केले.

मला स्वतःला या जोडीतील जुने नृत्यच अधिक 'आजचे' वाटते. हिरव्या कापडाच्या टेबलाभोवती काळ्या पोशाखातील मुखवटेधारी मुत्सद्दी जमले आहेत. अतिशय सभ्यपणे झुकतात, बोटे नाचवतात, एकमेकांवर रागावतात आणि अखेर पिस्तुले झाडतात. तेथून युद्ध सुरू होते. मग मृत्यू येतो: सैनिक, म्हातारी आई, तरुण मुलगी अशा एकेकाला तो ज्याच्या त्याच्या चालीने घेऊन जातो. शेवटी पुन्हा तेच टेबल, तेच मुत्सद्दी, तेच झुकणे. योस यांच्यावर १९३३ मध्ये नाझींनी ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकण्यासाठी दबाव आणला. त्यांत या नृत्याचे संगीतकार फ्रिट्झ कोहेनही होते. योस यांनी त्यांना काढले नाही, स्वतःच देश सोडला. १९६७ मध्ये व्हिएतनामचे युद्ध पेटलेले असताना त्यांनी हे नृत्य तरुण अमेरिकी नर्तकांना शिकवले. रचनाकार हयात होता म्हणून वारसा थेट हातात पडला. शिवाय योस हे लाबान यांचे शिष्य असल्याने रचना लिपिबद्धही झालेली होती. असे भाग्य फार थोड्या नृत्यांच्या वाट्याला येते.

१९७३ मध्येही असेच घडले. ट्वायला थार्प यांनी 'बीच बॉइज' या गायकवृंदाच्या लोकप्रिय गाण्यांवर 'ड्यूस कूप' बसवले. त्यात एक नर्तिका बॅलेची पावले इंग्रजी वर्णानुक्रमाने करीत राहते आणि मागे भिंती रंगवणारी शहरातील खरीखुरी मुले प्रत्येक प्रयोगात नव्या कागदावर रंग फवारतात. त्याच सुमारास वृद्ध लेओनिद मासिन यांनी येऊन १९१७ सालचे आपले 'परेड' पुन्हा उभे केले. संगीत एरिक साती यांचे, पडदा व वेश पिकासो यांचे. तरुण रसिकांना दोन्ही सारखीच खट्याळ वाटली असतील तर नवल नाही.

हरवलेला वसंत

सर्वांत अवघड काम अजून पुढे होते. २९ मे १९१३ रोजी पॅरिसच्या शाँझेलिझे नाट्यगृहात 'द राइट ऑफ स्प्रिंग'चा पहिला प्रयोग झाला. संगीत स्ट्रॅविन्स्की यांचे, नृत्यरचना वास्लाव निजिन्स्की यांची, नेपथ्य व वेशभूषा निकोलस रोरिक यांची. प्राचीन स्लाव्ह जमात वसंतदेवतेसाठी एका कुमारिकेची निवड करते आणि ती मरेपर्यंत नाचते, एवढेच कथानक. प्रेक्षागृहात इतका गोंधळ झाला की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना. निजिन्स्की पडद्याआड खुर्चीवर उभे राहून ओरडत मात्रा मोजत होते. पॅरिस आणि लंडनमधील मोजक्या प्रयोगांनंतर हे नृत्य बंद पडले. संगीत अजरामर झाले. पावले मात्र हरवली. निजिन्स्की यांनी आपले एक नृत्य स्वतःच्या लिपीत नोंदवून ठेवले होते, ते नेमके हे नव्हते.

जॉफ्रींच्या मनात हे नृत्य फार पूर्वीपासून होते. १९५५ मध्ये लंडनमध्ये त्यांनी मारी रँबर्ट यांच्या संस्थेसाठी काम केले होते, आणि १९१३ मध्ये निजिन्स्कींच्या साहाय्यक म्हणून नर्तकांना त्या विलक्षण मात्रा मोजायला शिकवणाऱ्या याच त्या रँबर्ट. पुढे मिलिसेंट हॉडसन या अमेरिकी संशोधिकेने हा शोध हाती घेतला. कला-इतिहासकार केनेथ आर्चर रोरिक यांच्या चित्रांचा अभ्यास करीत होते. दोघांचे काम एकत्र आले आणि पुढे दोघांचा विवाहही झाला.

त्यांच्या हाती काय होते? रँबर्ट यांच्या आठवणी, आणि संगीताच्या प्रतीवर त्यांनी केलेली टिपणे. १९६७ मध्ये उजेडात आलेली स्ट्रॅविन्स्की यांची स्वतःची टिपणे असलेली प्रत. व्हॅलेंटाइन ग्रॉस या चित्रकर्तीने नाट्यगृहाच्या अंधारात भराभर काढलेली रेखाटने. वर्तमानपत्रांतील शिव्याशापांनी भरलेली परीक्षणे. रागावलेला समीक्षक कधी कधी फार बारकाईने वर्णन करतो! आणि मूळचे कपडे, जे आश्चर्यकारकरीत्या टिकून होते. कापडावरील आकृत्या आणि नर्तकसमूहांच्या मंचावरील आकृत्या यांत नाते आहे, असे या अभ्यासकांना आढळून आले. अशा तुकड्यांतून मात्रेमागून मात्रा जुळवीत ३० सप्टेंबर १९८७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये जॉफ्री बॅलेने ते नृत्य पुन्हा सादर केले. बळी जाणाऱ्या कुमारिकेची भूमिका बिआट्रिझ रॉड्रिगेझ यांनी केली. जॉफ्री तेव्हा गंभीर आजारी होते. २५ मार्च १९८८ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्यांच्या कपड्यांमुळे या शोधाला मोठा आधार मिळाला, ते रोरिक आपल्याला परके नाहीत. १९२८ पासून ते हिमाचलातील कुलू खोऱ्यात, नग्गर येथे राहिले आणि १९४७ च्या डिसेंबरात तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांचे पुत्र स्वेतोस्लाव यांचा विवाह 'बॉम्बे टॉकीज'च्या देविकाराणी यांच्याशी झाला. नग्गरच्या त्यांच्या घराला भेट देणाऱ्या पर्यटकांनी तेथील हिमशिखरांची चित्रे पाहताना आठवावे की याच हाताने पॅरिसला हादरवणाऱ्या त्या संध्याकाळचे रंग लावले होते.

१९८७ मध्ये दिसले ते खरोखर निजिन्स्कींचेच नृत्य होते का, यावर जाणकारांत मतभेद झाले आणि ते होणे योग्यच होते. तुकड्यांच्या मधल्या जागा कोणीतरी आपल्या कल्पनेने भरल्याच होत्या. पण भग्न मंदिराचा जीर्णोद्धार करताना नवा दगड बसवावाच लागतो. तो नवा आहे हे लपवू नये, इतकीच अपेक्षा. हॉडसन यांनी आपले पुरावे पुढे ग्रंथरूपाने मांडले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल.

ताळेबंद

मिश्र कार्यक्रमाचे अर्थकारण मात्र नेहमीच नाजूक असते. 'नटक्रॅकर'ला नाताळात घरदार घेऊन लोक येतात. तीन अपरिचित नावांच्या संध्याकाळी खुर्च्या भरणे कठीण. जॉफ्रींनी डिसेंबर १९८७ मध्ये, 'राइट'नंतर अवघ्या काही आठवड्यांतच, आपला 'नटक्रॅकर' बसवला, हा योगायोग खचित नसावा. त्यांच्या पश्चात १९९० मध्ये अर्पिनो आणि विश्वस्त मंडळ यांच्यात संघर्ष झाला. अर्पिनो राजीनामा देऊन आपल्या रचना काढून घेऊन निघाले, तेव्हा १९६४ चा प्रश्न उलट दिशेने पुन्हा उभा राहिला: नृत्य कोणाच्या मालकीचे? तडजोड होऊन ते परतले. १९९३ मध्ये पॉप गायक प्रिन्स यांच्या संगीतावरील 'बिलबोर्ड्स'ने तिकीटखिडकीवर गर्दी खेचली, तरी आर्थिक ओढाताण संपली नाही. १९९५ मध्ये न्यूयॉर्क सोडून संस्था शिकागोला गेली आणि तेथेच रुजली. अर्पिनो २००८ मध्ये निवर्तले.

२०१२ च्या शरद ऋतूत शिकागोत या संचाने एका संध्याकाळी तीन नृत्ये सादर केली: यिरी किलियान यांचे १९८१ सालचे 'फरगॉटन लँड', जेम्स कुडेल्का यांनी या संचासाठीच रचलेले अलीकडचे 'प्रिटी बॅले' आणि 'द ग्रीन टेबल'. पुढच्या वर्षी शताब्दीच्या निमित्ताने 'राइट'ही परत आले. ते शिकणाऱ्या अनेक नर्तकांचा १९८७ मध्ये जन्मही झालेला नव्हता. बॅलेच्या विद्यार्थ्याला लहानपणापासून पावले बाहेरच्या दिशेने वळवण्याची शिस्त लावली जाते, वर्षानुवर्षे तेच घोटून घेतले जाते. निजिन्स्कींच्या नृत्यात पावले आत वळलेली, गुडघे वाकलेले आणि मान एका बाजूला कललेली असते. तेव्हा तालमीच्या पहिल्या दिवशी या मुलामुलींना सर्वांत आधी शिकावे लागते ते नुसते उभे राहणे.